साडूभाऊंनी घातलेला बांध

चुकीच्या वेळी बरोबर ठिकाणी पोहोचण्यात आमच्या साडूभाऊंचा हात धरणारा माणूस नाशिक जिल्ह्यात नाही. भर जुलैत महाबळेश्वरला जाऊन त्यांनी चार दिवस नुसतं धुकं पाहिलं आणि "झकास!" म्हणत परतले. वणीच्या गडावरही ते जाणार यात्रा उठून आठवडा झाल्यावर. "आता देवी बी मोकळी, आपण बी मोकळे," हे त्यावरचं स्पष्टीकरण. पण त्यांचा तरी काय दोष? शहराला लागून त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. जग दसरा-दिवाळीला नटणार, लग्नसराईत मिरवणार, तेव्हा हे फुलबाजारात. सगळ्यांची हौस फिटली की यांची सुट्टी सुरू व्हायची.

दोन हजार सालानंतर शहर वाढत मळ्यापर्यंत आलं. धाकट्या भावांनी जमीन बिल्डरला द्यायचं ठरवलं, सही फक्त यांची राहिली. "फिरून येतो, मग बघू," म्हणत त्यांनी आम्हा उभयतांनाही सोबत घेतलं आणि जूनच्या रणरणत्या उन्हात मध्य प्रदेशातलं एक राष्ट्रीय उद्यान गाठलं. नदीकाठी नजर पोचेल तिथवर खोल घळी, मातीच्या उघड्याबोडक्या भिंती. पर्यटक म्हणाल तर आम्ही चौघंच. सोबतचा वनरक्षक आम्हाला वेड्यात काढत होता आणि साडूभाऊ खुशीत होते. "बघा, अख्खं रान आपल्याच नावावर!"

घळीच्या काठावर उभं राहून त्यांनी खाली वाकून पाहिलं. "एवढी माती गेली कुठं?"

"बारिश ले जाती है साहब, हर साल," वनरक्षक म्हणाला.

साडूभाऊंनी पँट दुमडली, एका लहानशा घळीत उतरले आणि दगडाला दगड सांधत चक्क बांध घालू लागले. वनरक्षक ओरडला, "पत्थर उठाना मना है!"

"उठाया किधर? बसाया!"

मेहुणीबाई लाजेनं अर्ध्या झाल्या. "अहो, लोकाचं रान हाय ते. वर या!"

"माती लोकाची नसती गं," ते खालूनच म्हणाले. गुडघाभर बांध झाल्यावर वर आले, घटाघटा पाणी प्यायले आणि मला हळूच म्हणाले, "भाऊ, ही पाण्यानं नेली. पाण्याला काय कळतंय? आमची मी सही करून देणार."

नाशिकला येऊन त्यांनी सही केली. भावांच्या मुलांची शिक्षणं अडली होती, किती ताणून धरणार? अट एकच घातली, वरची माती काढून नेल्याशिवाय पाया खणायचा नाही. मग लग्नाचं आवतण द्यावं तसे सगळ्या सोयऱ्यांना फोन गेले, "पोती घेऊन या." आमची दोन पोती त्यांनी स्वतः भरली, ठोकून ठोकून बसवली. "जपा," एवढंच म्हणाले.

ती माती आता आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांत आहे. झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण पाणी जास्त होऊन कुंडीखालून गढूळ ओघळ निघाला, की मी हातातला पेपर टाकून धावतो आणि फरशीवरचा चिखल बोटांनी निपटून परत कुंडीत घालतो. साडूभाऊंचा जीव आहे त्यात. तो असा डोळ्यांदेखत वाहून जाऊ द्यायला मन होत नाही.