चुकीची गावं सांगणारे मंसारामकाका

आमच्या शेजारचे मंसारामकाका जीपमधून साकोलीचे पेशंट नागपूरला नेत, आणि वाटभर मुद्दाम चुकीचं बोलत. लाखनी आली की म्हणत, "पाहा, आला भंडारा." मागे आडवा झालेला माणूस कितीही व्याकूळ असो, आमच्या जिल्ह्यातल्या माणसासमोर लाखनीला भंडारा म्हटलं तर त्याला राहवतं थोडंच! तो कण्हत कण्हत म्हणे, "लाखनी हाय ना जी ते!" काका खूश.

हे मला कळलं, आईला धानाची रोवणी करताना साप चावला तेव्हा. साकोलीत तेव्हा आजच्यासारखे दवाखाने नव्हते. जरा अवघड दिसलं की डॉक्टर सांगत, "नागपूरले न्या," आणि ते ऐकूनच घरच्यांचे अर्धे प्राण जात. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पापण्या मिटू लागल्या होत्या. आणि हा माणूस पुढून विचारतो, "वहिनी, तुमची बहीन करडीले देली ना? लाखांदूर तालुक्यातल्या?"

मला असा संताप आला! पण आईचे ओठ हलले. "मोहाडी... मोहाडी तालुका, भाऊजी."

नागपूरपर्यंत काकांनी आमचं सगळं गणगोत चुकवलं आणि आईनं ते दुरुस्त केलं. ती वाचली. पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिली, "त्या मंसारामले काहीच ठावं नाही."

एकदा मी विचारलंच, "काकाजी, असं काहून करता?"

ते जीपची काच पुसत होते. त्यांचा धाकटा भाऊ याच जीपमध्ये, नागपूरला नेताना मौद्याच्या अलीकडे, बोलता बोलता गप्प झाला होता. "मले वाटलं, झोपला," ते म्हणाले. "तवापासून मी कोनाले गप्प बसू देत नाही. भांडनारा मानूस जात नाही, पोरी."

मग साकोली बघता बघता बदलली. हाडांचे डॉक्टर आले, बाळंतपणाचं मोठं हॉस्पिटल झालं, डायलिसिस सुरू झालं, औषधांच्या दुकानांची रांग लागली. सानगडी, दिघोरी तर सोडाच, पलीकडच्या जिल्ह्यांतली माणसंही डबे घेऊन आमच्या गावी येऊ लागली. काकांच्या नागपूरच्या फेऱ्या आटल्या. जीप दारात उभी असे आणि तिच्याखाली कोंबड्या बसत. काकू कुरकुरल्या की ते म्हणत, "उभी राहू दे. लय धावली बिचारी." धंदा बसल्यावर इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या हिवाळ्यात ते स्वतःच आजारी पडले. हॉस्पिटल घरापासून हाकेच्या अंतरावर. काकू घरून गरम पेज आणत. शाळेत शिकवून सुटले की मीही जाऊन बसे, आणि त्यांचाच डाव त्यांच्यावर टाके. "काकाजी, सानगडी पवनी तालुक्यात ना?"

डोळे न उघडता ते गुरकावत, "मास्तरीन झाली आन आपला साकोली तालुका ठावा नाही!" मी निर्धास्त होऊन घरी जाई.

एका संध्याकाळी मी विचारलं, "काकाजी, नागपूरले जाताना आधी भंडारा लागते, मग लाखनी ना?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. काकूंचा हात त्यांच्या हातात होता. खिडकीतून त्यांच्याच घराची कौलं दिसत होती. मग ते हळूच हसले.

"हो पोरी. तू म्हंतेस तसंच असन."

मी त्यांचा खांदा धरला आणि रडत रडत भांडू लागले, "नाही ना जी काकाजी! आधी लाखनी येते. लाखनी!"