रत्नाआत्यांबरोबर पाठवलेले निरोप

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. सिंकमधल्या चहाच्या कपांसारखे ते साचतात. पाहुणे उठून गेले की कळतं, अरे, केवढे झाले! आमच्या नावडे गावातल्या फ्लॅटमध्ये या वर्षी दोन्ही साचले, कप आणि किस्से. कप मी विसळले. किस्से अजून तसेच पडलेत.

माझ्या लग्नाला काही महिनेच झाले होते, तेव्हा रत्नाआत्यांना हॉस्पिटलमधून घरी आणलं. रत्नाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर नर्स. आता औषधाचा उपयोग नाही, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधी त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं! हॉलमध्ये खिडकीजवळ त्यांचा पलंग लावला, आणि आमच्या चर्चमधल्या बायका रोज दुपारी यायला लागल्या. प्रार्थना, एखादं गीत, मग चहा. चहा माझ्याकडे. बोलणं सगळं त्यांच्याकडे.

*

सुरुवात साळवेकाकूंनी केली. प्रार्थना झाली, आमेन झालं, डोळे पुसून झाले. मग पलंगाजवळ सरकून त्या म्हणाल्या, "आत्या, तुम्ही आता जाताच आहात, तर आमच्या ह्यांना सांगाल का? धाकट्याचं लग्न झालं. पोरगी चांगली आहे. म्हणावं, टेन्शन घेऊ नका."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मरणाऱ्या माणसाच्या तोंडावर कोणी असं बोलतं?

आत्यांनी एक डोळा उघडला. "साळवे कधी टेन्शन घ्यायचे गं? सगळं तूच तर घ्यायचीस!"

पहिल्यांदा हसल्या त्या साळवेकाकूच.

*

मग काय, रांगच लागली. ज्या बायका कधी फिरकल्या नव्हत्या, त्या मोसंबी घेऊन आल्या. आत्यांनी नियम केले. एका माणसाला एकच निरोप. निरोप छोटा हवा. तक्रार नेणार नाही. "तिथे रडणं बंद आहे. मी जाऊन कोणाला रडवणार नाही!" आणि शेवटचा नियम, प्रत्येकीला तोंडावर सांगितलेला, "निरोप मी नेते. उत्तराची जबाबदारी माझी नाही."

एका बाईंना त्यांच्या सासूबाईंना विचारायचं होतं, सोन्याच्या पाटल्या नेमक्या ठेवल्या कुठे?

आत्या म्हणाल्या, "अगं, तिथे रस्ते सोन्याचे आहेत. तुझ्या पाटल्या कोणाच्या लक्षात असणार!"

*

ही बातमी चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेली. ते मुद्दाम आले, खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे समजावू लागले. मेलेल्यांना निरोप पाठवणं आपल्या शिकवणीत नाही, आशा प्रभूवर ठेवायची, वगैरे. आत्या मान डोलवत होत्या. बायका मान खाली घालून बसल्या होत्या. साहेबांनी प्रार्थना केली आणि निघाले.

पाच मिनिटांत बेल वाजली. हेल्मेट विसरलं होतं.

हेल्मेट हातात घेऊन ते पलंगाशी घुटमळले. खाली वाकून पुटपुटले, "आत्या, माझ्या वडिलांना एवढंच सांगा... या कामात मी टिकलो."

"सांगते," आत्या म्हणाल्या. "पण साहेब, आता हे शिकवणीत बसतंय ना?"

*

समोरच्या भोईरकाकी आमच्यातल्या नाहीत. मूळच्या इथल्याच, बिल्डिंग उभी आहे ती जमीन कधी काळी त्यांच्या घरची होती. त्या रोज दारातूनच विचारपूस करायच्या. एक दिवस आत आल्या आणि पलंगाच्या कडेला टेकल्या.

"आत्या, आमचा पोरगा तलोज्याच्या रोडला गाडीखाली गेला, तुमाला म्हाईत हाय. त्याला सांगा, आई बरी हाय. पन तो तुमच्या बाजूला हाय का नाय, ते मना नाय म्हाईत."

कोणालाही लगेच उत्तर देणाऱ्या आत्यांनी आधी काकींचा हात हातात घेतला. मी ट्रे धरून तशीच उभी राहिले. मग आत्या म्हणाल्या,

"काकी, दार उघडायचा अधिकार मला नाही. ज्याला आहे, त्याच्या कानावर नक्की घालते."

काकी उठल्या, पदर सारखा केला. म्हणाल्या, "हां. घाला. तुमच्या देवाला पन पोरगा होता ना."

त्या दिवशी चहा तसाच निवला.

*

एकदा त्यांची चादर बदलताना मी धीर करून विचारलं, "आत्या, भीती नाही वाटत?"

"आयुष्यभर पेशंटना सांगितलं, काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल," त्या म्हणाल्या. "आता माझी पाळी." मग थोडं थांबून, "मुंगी मोठी आहे गं."

मी चादरीची कड उगाच खोचत राहिले.

"पण सुई देणारा ओळखीचा आहे," आत्या म्हणाल्या. "ती उशी जरा वर घे."

*

सासूबाईंना मी मम्मी म्हणते. आई म्हणायला जीभ वळली नाही, आणि त्यांनीही कधी आग्रह केला नाही. एकदा मम्मी तुर्भ्याच्या मार्केटला भाजी आणायला गेल्या होत्या. घरात आत्या आणि मी.

"सगळ्या कॉलनीचे निरोप घेतले. तुझा राहिला."

"माझा काही नाही."

"खोटं. रोज चहा देताना थांबतेस आणि तशीच परत जातेस."

मग मी बोलले. "तुम्ही आईला ओळखणार कशा?"

हेच इतके दिवस विचारायचं राहिलं होतं. बाकी सगळ्यांची माणसं आत्यांच्या ओळखीची. माझी आई नगरची, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेली. त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं.

"खूण सांग."

"डाव्या पायाने लंगडायची."

"तिथे पाय बरा झाला असेल. दुसरी सांग."

"हसताना तोंडावर हात धरायची. पुढचा दात पडला होता."

"दातही आला असेल. पुढे."

"बांगडीत सेफ्टी पिना असायच्या. नेहमी."

"तिथे कोणाचं काही उसवत नाही, बाळा."

मला रडूच फुटलं. पाय गेला, दात गेला, पिना गेल्या. तिथे सगळं नवं आणि धड होणार असेल, तर माझी आई म्हणून उरणार काय? मी सुचेल ते बोलत सुटले. तिला काय आवडायचं, ती कशावर चिडायची. एवढं मी या घरात कधीच बोलले नव्हते. "आणि जेवायला बसायचीच नाही! सगळ्यांचं होईपर्यंत पळी घेऊन दाराला टेकून उभी."

आत्यांनी उशीवरून मान उचलली. "हां. हे चालेल. हे बरं होणाऱ्यातलं नाही." त्यांना धाप लागली, तरी थांबल्या नाहीत. "तिथे मोठी पंगत आहे. सगळे बसलेले असतील. उभी असेल ती तुझी आई. काय सांगू?"

"जेवून घे म्हणावं."

"आणि ऐकलं नाही तर?"

"नाहीच ऐकणार. म्हणेल, आधी तू बस, मग मी बसते."

आत्यांनी डोळे मिटले. "उत्तराचं माहितीये ना?"

"माहितीये. तुमची जबाबदारी नाही."

*

रविवारी सकाळी, चर्चला जाण्याआधी आलेल्या बायका पलंगाशी गात असताना, आत्या गेल्या.

दफन करून आम्ही परतलो, तर भोईरकाकींनी पातेलंभर भात आणि आमटी आणून ठेवली होती. आमच्या घरी पंगत अशी कधी नसते. ज्याला भूक लागेल तो आपलं ताट वाढून घेतो आणि टीव्हीसमोर बसतो. त्या दिवशी मात्र माणसं फार होती, हॉलमध्ये ओळीने खाली बसली. पलंग हलवला होता, तिथेही. पाळकसाहेब, साळवेकाकू, सासरे, सगळेच. मी वाढत होते. एक फेरी झाली, दुसरी झाली. अजून कोणाला काही हवंय का ते बघत मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकले.

मम्मी सकाळपासून कोणाशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्या मागून आल्या आणि माझ्या हातातली पळी काढून घेतली.

"आधी तू बस," त्या म्हणाल्या. "मग मी बसते."

मी बसले.