बाबांनी बसवलेलं सील

भिंगरीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं धक्क्यावर आता कुणी उरलं नव्हतं. पोर एका जागी टिकत नाही म्हणून बाबांनीच लहानपणी तिला हे नाव ठेवलं होतं. चाळिशी ओलांडली तरी ते तिला चिकटून होतं.

बापलेक मिळून बोटींचे ड्राइव्ह दुरुस्त करत. ड्राइव्ह म्हणजे बोटीच्या मागचा, पंखा असलेला पाण्यातला भाग. पाणी उथळ लागलं की तो वर उचलावा लागतो, आणि ते काम तेलाच्या दाबावर चालणारे दोन दांडे करतात. त्या यंत्रणेला सगळे ट्रिम म्हणत.

त्या सकाळी पैलतीरावर जाणाऱ्या प्रवासी बोटीचं ट्रिम उघडलं होतं. आत पाणी शिरून तेल दुधाळ झालेलं. भिंगरी टाकी पुसत होती, तेवढ्यात बाबांनी दांड्याचा पिस्टन आणि त्यावर बसणारं, तेल अडवणारं नवं रबरी सील उचललं.

"सील मी बसवतो."

"राहू द्या ना बाबा, मी करते."

"का? माझे हात काय आता फक्त घास उचलायला उरलेत?"

हल्ली त्यांची बोटं थरथरत. भिंगरीने मुद्दाम पाठ फिरवली. टक लावून पाहिलं असतं तर त्यांच्या जिव्हारी लागलं असतं. नंतर ड्राइव्ह वरखाली करून बघितला, झकास चालला. बोट चालवणारा सारंग प्रवासी घेऊन निघून गेला.

आणि हिच्या जिवाची घालमेल सुरू झाली. ड्राइव्ह वर उचलल्यावर तिथेच टिकतो की हळूहळू खाली बसतो, हे थोडा वेळ थांबून पाहायचं असतं. ती थांबली नव्हती. थांबणं म्हणजे बाबांवर संशय घेणं. जेवायला बसली, पण ताट तसंच बाजूला सारलं. उठली, नटबोल्ट आवळायचे पाने जागेवर लावले, पुन्हा काढले, पुन्हा लावले.

"बस की जरा! तुला बघून मलाच गरगरतंय," बाबा म्हणाले. पण तेही सारखे दारात जाऊन पाण्याकडे बघत होते.

दुपार कलली आणि सारंगाचा फोन आला. परतताना ओहोटी लागली होती आणि बोट वाळूच्या पट्टीवर अडकली होती. "ड्राइव्ह उचलतो, पण वर राहतच नाही गं! माणसं घाबरलीत."

भिंगरी इंजिनवाली छोटी होडी घेऊन सुटली. पोहोचताच तिने सगळ्या प्रवाशांना बोटीच्या पुढच्या टोकाला दाटीवाटीने बसवलं, तशी मागची बाजू जरा उचलली गेली. ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. सारंगाने बटण दाबून ड्राइव्ह वर घेतला आणि तो खाली यायच्या आत तिने दोराने करकचून बांधला. मग होडीने ओढत ओढत बोट खोल पाण्यात आणली आणि तशीच धक्क्याला लावली.

"कशामुळे झालं?" उतरता उतरता एका बाईने विचारलं.

"जुना पाइप गळत होता," भिंगरी म्हणाली.

बाबा मागेच उभे होते. प्रवासी पांगल्यावर त्यांनी तिला ट्रिम उघडायला लावलं आणि शेडमध्ये पिस्टन हातात घेतला. सीलची कड बोटाने चाचपली.

"उलटं बसलंय."

भिंगरी फडक्याने हात पुसत राहिली.

"माझ्यासाठी लोकांपुढे खोटं बोललीस. मला ते नाही आवडलं. सकाळी पाठ फिरवलीस, ते तर त्याहून नाही आवडलं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"वाटू दे! बोटीत माणसं बसतात, पोरी."

तिचे डोळे भरून आले. बाबांनी नवं सील तिच्या हातात ठेवलं आणि स्टूल ओढून शेजारी बसले. तिने ते बसवलं. "तिरकं जातंय... आता बरोबर... अगं सावकाश!" अशी त्यांची टकळी चालूच होती. शेवटी ती वैतागली, "बाबा, हातांना सुट्टी दिलीत, तशी तोंडालाही द्या!"

ते हसले नाहीत. ड्राइव्ह वर उचलून ठेवला आणि दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिले. अंधार पडायला लागला तरी तो तसूभरही खाली आला नाही.

"चला आता घरी," ती म्हणाली.

"अजून थोडं थांबू," बाबा म्हणाले.