काकूंचं पूर्ण नाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या बाईंचे. अर्जात रकाना रिकामा सोडायचा नाही, हे त्यांनीच शिकवलं.

अमेरिकेत, एडिसनमध्ये व्हिसाची मुदत वाढेना, तेव्हा आम्ही मुलीच्या सांभाळाचा एक अर्ज भरायला घेतला. आम्हा नवरा-बायकोला इमिग्रेशनच्या पोलिसांनी अचानक पकडून नेलं, तर मुलीला शाळेतून कोण आणेल? शेजारच्या काकू! सहा वर्षं ती त्यांच्याकडेच जेवते. पण काकूंचं नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं. विचारायला गेलो.

"आज सुचलं होय रे?" काकू म्हणाल्या. "आण, मीच लिहिते. पोरीला कारलं चालतं, तेही लिहू?"

मी बाईंना कळवलं:

"बाई, आम्ही मजेत आहोत. मुलगी कोणाकडे राहील, तेही ठरलंय. एकही रकाना रिकामा नाही."