नेपल्सच्या कोनाड्यातली डबी

मला विचारायची खोड आहे. लातूरच्या क्लासमध्ये मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. तिथं मुलं विचारत नाहीत, म्हणून त्यांच्या वाटचे प्रश्नही माझ्याकडेच साठत असावेत. नेपल्समध्ये पाऊल टाकल्यापासून माझं तोंड बंद नव्हतं. इथली माणसं कॉफी उभ्यानंच का पितात? चौथ्या मजल्यावरच्या बाईनं दोरीला बांधून सोडलेल्या टोपलीत भाजीवाल्यानं एखादा नासका टोमॅटो घातला तर ती काय करते? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच मिळालं. टोमॅटो वरून खाली आला आणि भाजीवाल्याच्या पायाशी फुटला. पुढची पाच मिनिटं दोघं इतक्या तब्येतीत भांडले की मला निलंग्याच्या एसटी स्टँडची आठवण आली.

सोबतीला दोघं होते. एक कोरियातली नर्स, तिशीची, नोकरी सोडून चार महिने हिंडायला निघालेली. दुसरा ब्राझीलचा निवृत्त बस ड्रायव्हर. वय पासष्ट, सॅक माझ्यापेक्षा जड आणि गुडघे माझ्यापेक्षा मजबूत. हॉस्टेलच्या आठ खाटांच्या खोलीत आमची ओळख झाली होती. ड्रायव्हरकाकांना पोर्तुगीजच्या जोरावर इटालियन निम्मंअर्धं कळायचं, उरलेलं ते हातवाऱ्यांवर भागवायचे. त्यामुळे ते आमचे दुभाषी.

तिसऱ्या दिवशी आम्ही सॅक पाठीला लावून हॉस्टेल बदलायला निघालो. वाटेत जुन्या वस्तीतल्या गल्ल्या लागल्या. दोन माणसं शेजारी चालली की गल्ली भरते, आणि त्यातूनच स्कूटरही जातात. डोक्यावर वाळत घातलेल्या चादरींचं पाणी टपकतंय, खाली कुणी मासे साफ करतंय. एका गाड्यावर तळलेला पिझ्झा मिळत होता. त्यात डुकराचं काही घालू नको, नुसतं चीज घाल, हे ड्रायव्हरकाकांनी गाडेवाल्याला तीनदा बजावलं. त्याला ते मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. गरम पिझ्झा हातात आला आणि सवयीनं माझा दुसरा हात गळ्याशी गेला. गळ्यात डबी नव्हती.

आम्ही लिंगायत. लहानपणी स्वामींनी बांधलेलं इष्टलिंग चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं गळ्यात असतं. ते अंगावरून उतरवायचं नाही, आणि कधी हरवलंच तर सापडेपर्यंत किंवा स्वामी नवीन बांधेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि त्यातलं काहीही मला पटत नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी मी ते काढून देवघरात ठेवलं होतं. निलंग्यात खतं-बियाणांचं दुकान चालवणारे माझे आप्पा तसे चारचौघांत हसणारे-बोलणारे, पण त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "लिंग न्हाई त्या अंगाला अन्न न्हाई." मग पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी मी ते पुन्हा घातलं आणि वीस वर्षं घालून राहिले, आप्पांसाठी. निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणत होती, दोरा झिजलाय, बदलून घे. मी म्हटलं, आल्यावर बघू. सॅकच्या पट्ट्यानं तो तीन दिवसांत घासून तोडला.

आता गंमत बघा. जवळपास कुणीही बघणारं नव्हतं. आप्पा सहा-सात हजार किलोमीटरवर. पोटात कावळे ओरडत होते. मी पिझ्झा तोंडाशी नेला आणि तो तोंडात जाईना. घशाला कोरड पडली होती, तरी बाटलीचं झाकणही उघडवेना. मला स्वतःचाच राग आला आणि त्याहून जास्त नवल वाटलं. मी काय मानते हे मला गेली वीस वर्षं नीट माहीत होतं, असा माझा समज होता.

मी दोघांना सांगितलं. नर्सनं डबी केवढी होती ते नीट विचारून घेतलं, माझ्या हातातला पिझ्झा काढून घेतला आणि वाया जायला नको म्हणून चालता चालता संपवला. तिच्या त्या व्यवहारीपणाचा मला आधार वाटला. आम्ही आलो त्या वाटेनं परत निघालो. ड्रायव्हरकाका प्रत्येक दुकानात डोकं घालून विचारत होते. गळ्याभोवती दोरा, छातीवर लिंबाएवढं काहीतरी, आणि मग आभाळाकडे बोट. दहा मिनिटांत ती बातमी बाल्कन्यांमधून आमच्या पुढं पोचायला लागली. वरून बायका खुणा करत होत्या, अजून पुढं जा, डावीकडे वळा.

डावीकडे भिंतीत काचेचा कोनाडा होता. आत मेरीमातेची मूर्ती, प्लास्टिकची फुलं, गल्लीतल्या वारलेल्या माणसांचे फोटो, एक विजेचा दिवा. मूर्तीच्या बाजूला चांदीच्या पत्र्याचे पाय, डोळे, हृदयं टांगलेली. मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. आपल्याकडे देवीला नवस फेडताना असेच चांदीचे डोळे वाहतात. आणि त्या सगळ्यांत, लाल फितीनं बांधलेली, माझी डबी.

कोनाड्याची किल्ली समोरच राहणाऱ्या एका म्हातारीकडे होती. काळा झगा, पायात सपाता. तिला डबी तासाभरापूर्वी तिथंच खाली सापडली होती. कुणाचा तरी नवस गळून पडला, असं समजून तिनं ती पुसून परत देवाला वाहिली. माझी आहे म्हटल्यावर तिनं मान हलवली. देवाला दिलेलं परत घेत नाहीत. मला तिचं म्हणणं बरोबर वाटलं, हीच तर पंचाईत होती. ड्रायव्हरकाका घाम पुसत समजावत राहिले. शेवटी तिनं कुलूप काढलं, डबी माझ्यासमोर धरली आणि विचारलं, नवस कशाचा होता?

कशाचाच नाही, मी म्हटलं. वीस वर्षं नुसती गळ्यात आहे, मी काहीच मागितलेलं नाही.

वीस वर्षं गळ्यात घालून काहीच मागितलं नाही, हे तिला मुळीच पटलं नाही. तिनं ड्रायव्हरकाकांना ते दोनदा नीट सांगायला लावलं. मग मी डबी उघडली. आतलं काळं, गुळगुळीत लिंग बाहेर घेतलं आणि माझा डावा तळवा आपोआप छातीसमोर आला, लहानपणी शिकवला होता तसा. लिंग त्याच्यावर ठेवलं आणि मी नुसती बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मागून एक स्कूटर हॉर्न वाजवत होती आणि नर्स तिला हातानं थांबवत होती. मला रडू आलं. लिंग मी परत डबीत ठेवलं. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, लाल फीत डबीला ओवली आणि स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात तीन गाठी मारून बांधली.

नियमानं पाहिलं तर हेही चुकलंच. लिंग स्वामींनी बांधायचं असतं. म्हणून पाण्याला हात न लावता मी तिच्या उंबऱ्यावर बसले आणि आप्पांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, ते दुकानातच होते. मी सगळं सांगितलं. दोरा तुटला, डबी मेरीमातेपाशी गेली, परक्या धर्माच्या बाईनं बांधली, आता हे चालतं का. बोलताना माझा आवाज एकोणीस वर्षांच्या मुलीसारखा व्हायला लागला होता. मी मनाची तयारी केली.

"दुपारधरनं पाणी बी पिली न्हाईस?" त्यांनी विचारलं.

नाही, म्हटलं.

मग आप्पांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि ते हळू बोलायला लागले. मी दोन वर्षांची होते तेव्हा तेरणेवर अंघोळ करून खडकावर पूजा करताना त्यांच्या तळहातावरून लिंग निसटलं आणि डोहात गेलं. दिवसभर शोधलं, मिळालं नाही. घरी कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. आठ दिवस ते रिकामी डबी गळ्यात घालून हिंडले, मग गुपचूप उदगीरला जाऊन नवीन बांधून घेतलं. आईला हे अजून माहीत नाही.

"आणि त्या आठ दिवसांत जेवत होतात, आप्पा?"

"दोन्ही टाइम," ते म्हणाले. "भूक लागायची लई. तुझ्या आईनं वाढलं की खाऊन घ्यायचो. मला जमलं न्हाई, आक्का. तुला मात्र पंधरा दिवस बोललो न्हाई मी."

त्यांचा आवाज भरून आला होता. शेजारी म्हातारी हातात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. आप्पा म्हणाले, आधी पाणी पी, मी फोन धरून हाय. मी पाणी प्यायले, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत ते दुकानात तसेच फोन कानाला लावून बसले.