ट्रकवरचा बोटीचा नियम

लिंबाजीमामा बाटली एका हातानं कधी घेत नसत. समोरचा माणूस शिव्या पुटपुटत का होईना, बाटली पुढे करायचा आणि मामा ती दोन्ही हातांनी घ्यायचे. खांद्यावरच्या रुमालानं पुसायचे, उजेडात धरून आत किती आहे ते बघायचे आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नाव, गाव आणि माप लिहायचे. मग मोठ्यानं वाचून दाखवायचे, "दगडू ज्ञानोबा, पाऊण बाटली. बरोबर?" समोरच्याला "बरोबर" म्हणावंच लागायचं. त्यानंतर तो पुठ्ठा सुतळीनं बाटलीच्या गळ्यात बांधला जाई आणि बाटली गोणपाट अंथरलेल्या लाकडी पेटीत आडवी होई. हे सगळं रोज सकाळी साडेसहाला, येरमाळ्याच्या रस्त्यावर, मजुरांच्या ट्रकच्या मागच्या फळीपाशी चालायचं.

ही रीत मामांनी समुद्रावरून आणली होती. लिंबाजी सरवदे हे येरमाळ्यापासून दोन कोसांवरच्या एका वस्तीतले. सोळाव्या वर्षी चुलत्याबरोबर मुंबईला गेले, गोदीत हमाली केली. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी हट्टानं अक्षरं गिरवायला बसले, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. त्या अक्षरांवरच त्यांना आफ्रिकेला जाणाऱ्या एका प्रवासी जहाजावर नोकरी मिळाली. प्रवासी ज्या जिन्यानं वर चढतात त्या जिन्याच्या पायथ्याशी एक टेबल असे, त्या टेबलाशी मामा वीस वर्षं उभे राहिले. जहाजाचा नियम असा की स्वतःची दारू घेऊन वर चढायचं नाही. आणली असेल तर ती ठेवून घ्यायची, चिठ्ठी लावायची आणि प्रवासी उतरताना जशीच्या तशी परत करायची.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की जहाजावर दारू विकत मिळायची, मग लोकांच्या बाटलीचं एवढं काय होतं? जहाजवाल्यांना आपली दारू खपवायची असणार. मामा म्हणाले, "तेबी हाय. पण तिथं घेतली तर वाढणाऱ्याला कळतंय किती झाली ते. पिशवीतली कुनालाच कळत न्हाय. अन् चहूकडं पानी असतंय, क्लार्कसाहेब. तोल गेलेला मानूस कुठं जानार?"

मी तेव्हा आमच्या मजूर सहकारी संस्थेत कारकून होतो. बहात्तरचा मोठा दुष्काळ मागे पडून दहा-बारा वर्षं झाली होती आणि पाऊस पुन्हा रुसला होता. डोंगराकडच्या माळावर पाझर तलावाचं काम संस्थेनं घेतलं होतं. गावोगावचे बायका-पुरुष गोळा करून नेण्यासाठी एक जुना ट्रक होता. मामा नुकतेच नोकरीतून मोकळे होऊन गावी आले होते. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी रत्नमाला मुंबईत नर्स. उरलेले दिवस गावात काढायचे म्हणून आले, तर विहिरीला पाणी नाही आणि शेतात काडी नाही. तेही आमच्याकडे कामावर लागले.

काही पुरुष येरमाळ्याच्या दुकानातून देशी घेऊन ट्रकमध्ये चढायचे. दिवसभर घोट घोट चालायचं, परतताना ट्रकमध्ये रेटारेटी व्हायची. एका संध्याकाळी वळणावर भगवान नावाचा गडी फळीवरून खाली पडला. हात मोडण्यावर निभावलं, पण त्याला सावरताना दोन बायकाही पडता पडता वाचल्या. संचालकांची बैठक बसली. दारू बंद यावर एकमत झालं, पण ती बंद कुणी करायची याला एकही नाव पुढे येईना. एकजण म्हणाला, सापडली की बाटली दगडावर फोडायची. दाराशी उभे असलेले मामा तेव्हा पहिल्यांदा बोलले.

"फोडायची न्हाय. फोडली की मानूस उद्या लपवून आनतोय. ठिवून घेतली की आपल्या हातानं देतोय. हे काम म्या वीस वर्षं केलंय."

काम त्यांच्यावर सोपवलं गेलं. पहिल्या आठवड्यात त्यांची पुष्कळ टिंगल झाली. पांढरा शर्ट आत खोचून, भांग पाडून ते फळीपाशी उभे राहायचे, म्हणून पोरं त्यांना 'कप्तान' म्हणू लागली. मामांना ते आवडलंच. ते गंभीरपणे सांगायचे की कप्तान वर असतो, आपण जिन्यावरचे.

खरी अडचण दगडूआबांची होती. बारा एकरांचा धनी माणूस, दुष्काळानं हातात टोपलं दिलेलं, त्यामुळे मनात आधीच कढ. सरवदेनं आपल्या पिशवीला हात लावायचा, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की हात लावलास तर बरं होणार नाही. त्या बोलण्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता.

मामा दोन पावलं मागे सरले. म्हणाले, "आबा, तुमच्या पिशवीला म्या हात लावनार न्हाय. तुमीच उघडा, म्या लांबून बघतो. जहाजावर गोऱ्या मडमांच्या पिशव्याबी म्या कधी चाचपल्या न्हायत. ज्याची त्यानं उघडायची, हाच नियम हाय."

गोऱ्या मडमांच्या रांगेत उभं केल्यावर आबांची पिशवीवरची पकड सैल झाली. मागून कुणीतरी हसलं, मग आबाही हसले. त्यांनी बाटली काढून फळीवर ठेवली. मामांनी ती फळीवरून उचलली, दोन्ही हातांनी.

संध्याकाळी ज्याच्या त्याच्या गावात ट्रक थांबला की मामा पेटी उघडून बाटल्या परत देत. थेंबही कमी नसे. पुरुषांना ही पद्धत हळूहळू मानवू लागली, पण बायकांना नाही. सुंदराबाई नावाची एक बाई दहा जणींना घेऊन मामांपुढे उभी राहिली. तिचं म्हणणं सरळ होतं. सकाळी काढून घेता आणि संध्याकाळी आमच्याच दारात परत देता, मग आम्हाला काय मिळालं? आमच्या हातात द्या, आम्ही बघतो काय करायचं ते. मामांनी मान हलवली. ज्याची बाटली त्याच्याच हातात जाणार, यात बदल होणार नाही म्हणाले. बाई रागानं निघून गेली. मामा दोन दिवस त्याच विचारात होते.

तिसऱ्या दिवशी सगळे चढल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आपली एक चूक होत होती. जहाजावर प्रत्येक बंदराला बाटली परत देत नाहीत. देतात ती शेवटच्या बंदरात.

"मग आमचं शेवटचं बंदर कोन्तं?" दगडूआबांनी विचारलं.

"तलावाची भिंत पुरी झाली की आलं बंदर."

ट्रकमध्ये गलका झाला. मामांनी तो शमू दिला आणि सांगितलं, की ज्याला मान्य नसेल त्यानं आणूच नये, घरी ठेवून यावी. आणलेली मात्र आता शेवटी मिळेल. आबांनी विचारलं, भिंत कधी पुरी व्हायची? मामा म्हणाले, "ते माझ्या हातात न्हाय, आबा. तुमी जितकं लवकर खोदाल तितकं लवकर." सुंदराबाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पुढचे काही दिवस ज्यांच्या बाटल्या आत अडकल्या होत्या ते गडी इतरांपेक्षा जास्त माती काढत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग तो मोजणीचा दिवस आला. झालेलं काम मोजायला अभियंता साहेब येणार होते. त्यांनी मोजल्याशिवाय पुढच्या तुकड्याला मंजुरी नव्हती, आणि मंजुरी नाही तर काम बंद. काम बंद म्हणजे अर्ध्या लोकांनी बिऱ्हाड उचलून कुठंतरी लांब जायचं. सकाळी आम्ही निघालो, तर तलावाच्या अलीकडे तीनेक मैलांवर साहेबांची जीप बंद पडलेली. साहेब घामाघूम होऊन रस्त्यात उभे. आमचा ट्रक थांबला. साहेब ड्रायव्हरशेजारी बसायला आले. त्यांच्या कातडी बॅगेची चेन नीट लागली नव्हती आणि आतून इंग्लिश दारूच्या बाटलीचं बूच दिसत होतं.

मामा मागून उतरून पुढे आले. हात जोडून म्हणाले, की गाडीवर बाटली चढत नाही, माझ्याकडे ठेवा, परत जाताना मिळेल.

"तू मला विचारतोस?" साहेब म्हणाले.

"सगळ्यांलाच विचारतो, साहेब."

साहेबांनी पायरीवरचा पाय खाली घेतला. मी येत नाही आणि मोजणीही होणार नाही, एवढं बोलून ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

मी मामांना बाजूला घेतलं. आज सांगताना लाज वाटते, पण मी त्यांची विनवणी केली. एकदा सोडून द्या म्हणालो, शंभर घरांचा प्रश्न आहे म्हणालो. मामांनाही भीती वाटत होती, पण ते म्हणाले,

"क्लार्कसाहेब, आज साहेबांची चढली, तर उद्या आबांची कशी उतरवू?"

मग ते साहेबांकडे गेले. मला वाटलं, माफी मागतील. ते म्हणाले, "साहेब, नियम गाडीचा हाय. रस्त्याला नियम न्हाय. चला, आपन चालत जाऊ. बॅग म्या घेतो."

साहेबांना हो म्हणायचं नव्हतं, पण बंद जीपपाशी उन्हात उभं राहून तरी काय करणार? ते चालू लागले. मामांनी एका हातात बॅग घेतली, दुसऱ्या हातानं साहेबांची छत्री साहेबांवर धरली. मी मस्टर घेऊन मागे. ड्रायव्हरला काय करावं कळेना, म्हणून तो ट्रक आमच्यामागून पायी चालणाऱ्याच्या वेगानं आणू लागला. अख्खा ट्रक कडेला वाकून आम्हाला बघत होता. मामा साहेबांच्या मुलाबाळांची चौकशी करत होते, रत्नमालाचं सांगत होते. एकदा जहाजाच्या मालकाचा मेहुणा बाटली घेऊन चढू लागला तेव्हा काय झालं, तेही त्यांनी सांगितलं. सुरुवातीला साहेब नुसते हुंकार देत होते. दीड मैल झाल्यावर ते पुलाच्या कठड्यावर बसले आणि पाणी आहे का म्हणाले. पाणी मामांच्याच जवळ होतं. मामा क्षणभर थांबले, मग त्यांनी पाण्याच्या बाटलीचं टोपण काढून ती पुढे केली. साहेब ते पाणी तोंड लावून प्यायले.

नंतर त्यांनी बॅग ओढली आणि दारूची बाटली बाहेर काढली.

"घ्या, लिहा. पूर्ण भरलेली आहे."

मामांनी दोन्ही हातांनी घेतली, पुसली, पुठ्ठ्यावर नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. "बरोबर?"

"बरोबर," साहेब म्हणाले आणि ट्रकमध्ये चढले. मोजणी दुपारपर्यंत झाली.

संध्याकाळी साहेबांना न्यायला दुसरी गाडी आली तेव्हा मामांनी त्यांची बाटली परत दिली. त्यावर दगडूआबा खवळले. साहेबांना आज आणि आम्हाला भिंत झाल्यावर, हा कुठला न्याय? मामांनी शांतपणे समजावलं, की साहेब मधल्या बंदराचे प्रवासी आहेत, त्यांचं बंदर आलं. "तुमीबी काम सोडून उतरता का, आबा? आत्ता देतो." आबा पुटपुटत ट्रकमध्ये जाऊन बसले. साहेब मात्र गाडीत बसून हसत होते.

मृगाच्या आधी भिंत पुरी झाली. त्या दिवशी मामांनी तलावाच्या बांधावर पेटी मांडली आणि एकेक नाव वाचलं. एकेचाळीस बाटल्या होत्या. दगडूआबांचं नाव आलं तेव्हा मामा सवयीनं बाटली जमिनीवर ठेवायला वाकले. आबा म्हणाले, "हातात दे की." त्यांनी ती मामांच्या हातातून घेतली. लोक त्या संध्याकाळी प्यायले, हे मी लपवणार नाही. पण सुंदराबाईच्या नवऱ्यानं आपली बाटली परत मामांच्याच हाती दिली. असू द्या अजून एक सफर, म्हणाला.

पुढे मामांची दृष्टी कमी होत गेली आणि रत्नमाला त्यांना मुंबईला घेऊन गेली. दोन वर्षांनी संस्थेच्या कामासाठी मी तिकडे गेलो तेव्हा त्यांना भेटलो. ते खूप वाळले होते, पण शर्ट तसाच खोचलेला. सकाळी गोव्याला जाणारी बोट सुटते, ती बघायला ते मला धक्क्यावर घेऊन गेले. आम्ही गर्दीत कठड्याला धरून उभे राहिलो. बोलता बोलता कळलं, की इतकी वर्षं समुद्रावर काढलेला हा माणूस प्रवासी म्हणून बोटीत एकदाही बसला नव्हता. मी म्हणालो, तिकीट काढू या का, गोव्यापर्यंत जाऊन येऊ. नको म्हणाले, आता इथूनच बरं वाटतं.

भोंगा वाजला, दोर सुटले आणि मामांनी हात वर करून हलवायला सुरुवात केली. तुमच्या ओळखीचं कोण आहे, असं मी विचारलं. कुणीच नाही म्हणाले. त्यांना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं, म्हणून मीच सांगितलं, की वरच्या डेकवरून हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी तुम्हाला हात करते आहे. मामांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो. ती आमची शेवटची भेट. त्याच हिवाळ्यात ते गेल्याचं रत्नमालाचं पत्र आलं.

त्या सकाळी मी मात्र संकोचून नुसता उभा होतो. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "हात हलवा की, क्लार्कसाहेब. मानसं निघालीत."

मी हात वर केला आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिलो.