दहापैकी किती

तिसगावच्या दूध केंद्रावरचा तो माणूस कॅनला बोट लागलं तरी हात धुवायला नळावर धावायचा. हातांची पार सालटी निघालेली. हल्ली तो मोबाईल फळीवर टेकवतो आणि हात न धुता त्याच्यासमोर उभा राहतो. मोबाईलमधून मनाच्या आजाराच्या डॉक्टरबाई विचारतात, "भीती दहापैकी किती?" तो म्हणतो, "नऊ, ताई." मग आकडा उतरेपर्यंत तसाच थांबतो.

परवा दूध घालून मी हात धुवायला नळ सोडला, तेव्हा तो रिकाम्या फळीकडे बघून म्हणाला, "सात. व्हय ताई, थांबतो."

त्यानं दुरुस्त करून आणायला दिलेला मोबाईल तर अजून माझ्याच खिशात होता.

"कुणाशी बोलताय?"

तो हळूच वळला. "ताई म्हनत्यात, तुमी बी धुऊ नका."

मी नळ बंद केला. हात दुधानं चिकट झालेले.

"किती?" त्यानं विचारलं.

"आठ," मी म्हणालो.